सुरत ते डहाणू : समुद्रकाठच्या सायकल सहलीची पूर्वतयारी



इयत्ता आठवी व नववीच्या मुलामुलींची समुद्रकाठाने सायकल सहल काढावी, हा विचार पालक सभेत मांडला तेव्हा ‘कुठे नेणार’ असे कोणीही विचारले नाही. ‘रस्त्यावर ट्रक किती असतात, त्यांचे काय करणार?’ हाच पहिला प्रश्न आला. दुसरा प्रश्न एका मातेने विचारला. ज्या घरात सायकल एकच आहे आणि ती घेऊन वडील लूमवर जातात, त्या घरच्या मुलाने काय करायचे? दोन्ही प्रश्न अगदी योग्य आहेत. या लेखात त्यांची उत्तरे देण्याचा आमचा प्रयत्न आहे. त्या निमित्ताने अशा सहलीची तयारी म्हणजे नेमके काय, हेही सविस्तर सांगायचे आहे. सहल पाच दिवसांची असली तरी तयारीला दोन महिने लागतात.

प्रथम मार्ग समजून घेऊ. नकाशात सुरतेच्या खाली समुद्राची कड जवळजवळ सरळ दिसते, त्यामुळे किनाऱ्या-किनाऱ्यानेच डहाणूपर्यंत जाता येईल असे वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. मिंढोळा, पूर्णा, अंबिका, औरंगा, पार, कोलक, दमणगंगा, वरोली अशा नद्या पूर्वेकडून येतात आणि समुद्राला मिळताना रुंद, चिखलाच्या खाड्या करतात. बरेचसे पूल खाडीच्या तोंडाशी नाहीत, आत आहेत. म्हणून आपला मार्ग फणीच्या दातांसारखा होतो. समुद्राकडे जायचे, परत आत यायचे, पूल ओलांडायचा आणि पुन्हा समुद्राकडे वळायचे. नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणाऱ्या मुलांनी हे लक्षात घ्यावे. सरळ रेषेपेक्षा आपले अंतर बरेच जास्त भरते.

पहिला दिवस सुरत ते दांडी, सचिन, मरोली, नवसारीमार्गे, अंदाजे ५० किलोमीटर. दुसरा दिवस दांडीहून परत नवसारी, तेथून अमलसाड व बिलीमोरा, अंदाजे ४० किलोमीटर. तिसरा दिवस डुंगरी, वलसाड, तिथल आणि पारडी, अंदाजे ४५. चौथा दिवस उदवाडा, दमण, संजाण, उंबरगाव, अंदाजे ६०. हा सर्वांत मोठा टप्पा आहे आणि तो मुद्दामच चौथ्या दिवशी ठेवला आहे, कारण तोपर्यंत पाय तयार झालेले असतात. पाचव्या दिवशी उंबरगावहून राज्याची सीमा ओलांडून बोर्डी, घोलवड आणि डहाणू, अंदाजे ३० किलोमीटर. डहाणू रोड स्टेशनवरून रेल्वेने परत. सायकली टेम्पोने येतील.

काही पालकांनी सुचवले की उलट करा, रेल्वेने डहाणूला जा आणि घराकडे सायकलने या, म्हणजे मुलांना घरी येण्याचा उत्साह राहील. सूचना चांगली आहे, पण वाऱ्यामुळे आम्ही ती स्वीकारली नाही. हिवाळ्यात आपल्या भागात वारा बहुतेक उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून असतो, आणि दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुरू होतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याला हे दोन्ही वारे पाठीवर किंवा बाजूला लागतात. उत्तरेकडे येणाऱ्याच्या ते छातीवर येतात. समोरचा वारा म्हणजे न संपणारा चढ, हे ज्याने एकदा डुमसहून दुपारी सायकल चालवत परतण्याचा अनुभव घेतला आहे त्याला सांगावे लागणार नाही.

आता महिना. पावसाळ्यात व ऑक्टोबरच्या उकाड्यात प्रश्नच नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी थंडी असते आणि दुपारी ३० अंशांच्या आसपास ऊन असते, ते सोसण्यासारखे आहे. मात्र जानेवारीचा पहिला पंधरवडा आम्ही टाळतो आहोत. कारण आहे उत्तरायण. सुरतेच्या मुलांना पतंगाविषयी सांगणे म्हणजे मासळीला पोहणे शिकवणे. पण गच्चीवर उभे राहून मांजाची जी मजा वाटते तोच मांजा सायकलवरच्या माणसाच्या गळ्यावर येतो, आणि दरवर्षी आपल्या शहरात दुचाकीवरची माणसे त्याने जखमी होतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉनच्या मांजावर बंदी घातली, तरीही तो मिळतो हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून डिसेंबरचा पहिला पंधरवडा ठरवावा असे आमचे मत आहे. दहावीच्या विद्यार्थ्यांना या सहलीत घेतलेले नाही, त्याबद्दल त्यांनी नाराज होऊ नये.

ट्रकांबद्दल. राष्ट्रीय महामार्ग ४८, ज्याला आपण अजूनही आठ नंबरचा हायवे म्हणतो, त्यावर आपण सायकल चालवणार नाही. जेथे त्याला ओलांडायचे आहे तेथे उतरून, सायकल हातात धरून, दलाने एकत्र ओलांडायचे. आपला मार्ग जुन्या रस्त्यांनी व गावच्या रस्त्यांनी जातो. त्यातही पहिले वीस किलोमीटर, म्हणजे उधना ते सचिन, सर्वांत कठीण आहेत. पांडेसरा आणि सचिनच्या औद्योगिक वसाहतींकडे जाणारे टेम्पो, रिक्षा, कामगारांच्या बस यांची गर्दी सकाळी आठनंतर फार वाढते. डिसेंबरमध्ये आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणून पावणेसातला, उजाडू लागताच निघायचे आणि गर्दी वाढायच्या आत सचिन मागे टाकायचे. पहिल्या दिवशी उशिरा आलेल्या विद्यार्थ्यासाठी दल थांबणार नाही. हा नियम कठोर वाटेल, पण एका मुलासाठी अर्धा तास थांबले तर तीस मुले गर्दीत सापडतात.

रस्त्यावर ओळ कशी असावी हे आता नीट वाचा, कारण सुरक्षितता सायकलच्या किमतीपेक्षा ओळीवर जास्त अवलंबून आहे. तीस सायकली एका लांब ओळीत चालल्या तर मागून येणाऱ्या ट्रकला त्यांना ओलांडायला जागा मिळत नाही. तो अर्धी ओळ ओलांडतो, समोरून काही आले की आत घुसतो. म्हणून आठ-आठांचे गट करायचे. प्रत्येक गटात एकामागे एक, दोन सायकलींमध्ये सुमारे दोन सायकलींएवढे अंतर, आणि दोन गटांमध्ये शंभरेक मीटर मोकळी जागा. प्रत्येक गटात पुढे एक शिक्षक किंवा माजी विद्यार्थी आणि शेवटी एक. शेवटच्याच्या मागे कोणीही राहायचे नाही. गटात जो सर्वांत हळू चालवतो त्याला पुढच्या शिक्षकाच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर ठेवायचे. पुष्कळ ठिकाणी अशा मुलाला शेवटी ठेवतात. मग तो मागे पडतो, एकटा पडतो, लाजेने अंगापलीकडे जोर लावतो आणि दमतो. तो पुढे असला की सगळा गट आपोआप त्याच्या चालीने चालतो. वेगवान मुलांना हे आवडत नाही. त्यांना आम्ही आधीच सांगून ठेवतो की ही शर्यत नाही. आपला वेग तासाला बारा किलोमीटरच्या पुढे जाणार नाही.

खड्डा दिसला की पुढचा ‘खड्डा’ ओरडेल आणि ते मागेपर्यंत पोहोचवायचे. थांबायचे असेल तर हात वर. शिट्टी फक्त गटाच्या पुढच्याकडे व शेवटच्याकडे. एक लांब शिट्टी म्हणजे डावीकडे रस्ता सोडून उतरा. कानात गाणी ऐकण्याची वायर कोणाच्याही कानात दिसता कामा नये. हेल्मेट अनिवार्य आहे.

समुद्राबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या मुलांना डुमसचा समुद्र माहीत आहे पण भरतीची वेळ माहीत नाही. आपला किनारा खंभातच्या आखाताच्या तोंडाशी आहे. आखात आत निमुळते होत जाते, त्यामुळे भरतीचे पाणी आत दाबले जाऊन चढते. भावनगरकडे भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतला फरक १० मीटरच्याही वर जातो. मुंबईला उधाणाच्या दिवशी तो साडेचार-पाच मीटर असतो. आपला किनारा या दोहोंच्या मधला. शिवाय आपली वाळू फार सपाट आहे. सपाट किनाऱ्यावर पाण्याची पातळी थोडी वाढली तरी पाणी कितीतरी लांब आत येते, आणि ते चालत्या माणसापेक्षा लवकर येते असे वाटण्याइतके लवकर येते. ओहोटीला उघडा पडलेला गाळ वरून सुकलेला दिसतो, आत पाय गुडघ्यापर्यंत जातो.

दिवसात दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा व अमावस्येच्या सुमारास उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. कोकणातील कोळी एक सोपा हिशेब करतात. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती. हा हिशेब मुंबई-कोकणाकडचा आहे. भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे आखातात सरकते, म्हणून डहाणूला मुंबईपेक्षा उशिरा आणि सुरतेच्या बाजूला त्याहूनही उशिरा भरती येते. तेव्हा पाऊणपट करून अंदाज घ्यावा, पण वेळ विचारावी ती त्या-त्या गावच्या माछी बांधवांना. गणिताच्या शिक्षकांनी हा हिशेब वर्गात करून घ्यावा अशी त्यांना विनंती आहे. चंद्र, तिथी आणि अपूर्णांक एकाच वेळी कामाला येण्याची अशी संधी पाठ्यपुस्तकात मिळत नाही.

पाण्यात कोणीही उतरणार नाही, घोट्यापर्यंतही नाही. होडीत कोणीही बसणार नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला गेलेल्या मुलांची बोट उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका बुडून मृत्यू पावल्या. ती मुले आपल्यासारख्याच एका शाळेची होती. त्या दिवसानंतर सहलीच्या परवानगीचा कागद भरताना आमचा हात थोडा थांबतो. म्हणून जिल्हा शिक्षणाधिकारी कार्यालयाची लेखी अनुमती, पालकांचे संमतिपत्र आणि प्रत्येक दहा विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक, या गोष्टी पूर्ण झाल्याशिवाय सहल निघणार नाही. संमतिपत्रावर मुलाचा रक्तगट, दमा, फिट, कोणत्या औषधाची ॲलर्जी, हे खरे-खरे लिहावे. सहल चुकेल म्हणून आजार लपवू नये. दमा असलेल्या मुलाला आम्ही नाकारणार नाही, पण त्याचा पंप कोणाच्या खिशात आहे हे आम्हाला माहीत असले पाहिजे. संकटात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गुजरातमध्ये व महाराष्ट्रात, दोन्हीकडे येते.

वाळूवर सायकल चालवण्याचा मोह मुलांना होणारच. त्याला मनाई आहे आणि कारण समजून घ्यावे. खारी वाळू चेनमध्ये, फ्रीव्हीलमध्ये आणि छऱ्यांमध्ये शिरली की तेलाबरोबर तिचा लेप होतो आणि पुढचे सारे दिवस ती लोखंड घासत राहते. सायकल रस्त्याच्या कडेला लावून समुद्र पायी पाहावा.

आता सायकल. गिअरची महाग सायकल लागते ही समजूत काढून टाकावी. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा तरुण पारशी साध्या सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यातील आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भमगरा हे तिघे १९२८ साली पृथ्वीला फेरी मारून परत आले. त्यांच्यामागे सामानाचा टेम्पो नव्हता. आपल्या सुरत ते डहाणू मार्गावर चढ नाहीतच म्हटले तरी चालेल. सुरतेत चढ म्हणजे उड्डाणपूल, आणि पुढे वलसाड-पारडीकडे थोडी उंचसखल जमीन. तेव्हा २२ इंची साधी काळी सायकल, वडिलांची असो की काकांची, पुरेशी आहे. सरस्वती साधना योजनेत मिळालेली मुलींची सायकलही चालेल.

मात्र ती तपासलेली हवी. सहलीच्या आधी एक महिना, आदल्या दिवशी नव्हे, मिस्त्रीकडे न्यावी. दोन्ही ब्रेकचे रबर नवे घालावे. टायरला चीर असेल तर टायर बदलावा, आतून तुकडा लावून भागवू नये. चाक फिरवून पाहावे, लचकत असेल तर तारा ओढून घ्याव्यात. जुन्या सायकलीत पायडलचा दांडा कॉटर पिनवर असतो. ती पिन सैल झाली की पायडल मारताना प्रत्येक फेरीला ‘कट’ असा आवाज येतो. तो आवाज आला तर पिन बदलायची, ठोकून बसवायची नाही. सीटची उंची हा असा मुद्दा आहे की ज्याकडे कोणी लक्ष देत नाही आणि गुडघे मात्र त्यानेच दुखतात. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग पायाचा पुढचा भाग पायडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा बाक राहतो, तेवढाच हवा. आपल्या मुलांच्या सीटा बहुतेक खाली असतात, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असे त्यांना वाटते. दोन इंच वर केली तर पहिल्या दिवशी भीती वाटेल, तिसऱ्या दिवशी आभार मानाल.

ज्याच्याकडे सायकल नाही त्याच्यासाठी. अनेक घरांत एक सायकल पडून असते. मुलगा कॉलेजात गेला, मोटारसायकल घेतली, सायकल जिन्याखाली राहिली. अशा सायकली पाच दिवसांसाठी शाळेला द्याव्यात अशी आमची सर्व पालकांना व माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. दुरुस्तीचा खर्च शाळा करील. कोणती सायकल कोणाची आणि ती कोणाला दिली याची नोंद फक्त कार्यालयात राहील, वर्गात वाचून दाखवली जाणार नाही. हीच रीत सहलीच्या वर्गणीबाबत. सायकल नाही किंवा पैसे नाहीत म्हणून कोणी मागे राहिले तर ती सहल शाळेची राहत नाही, काही मुलांची होते.

सराव दर रविवारी सकाळी. पहिल्या रविवारी १५ किलोमीटर, तेही कंटाळवाणे वाटेल इतके सावकाश. नंतर दर आठवड्याला पाच-सात किलोमीटर वाढवत सहाव्या आठवड्यात ४५. पण लांब अंतर एकदा जमले म्हणजे झाले असे नाही. पाच दिवसांच्या सहलीत त्रास होतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी, दुखऱ्या बैठकीने पुन्हा सीटवर बसताना. म्हणून सातव्या आठवड्यात शनिवार व रविवार लागोपाठ, ३० व ३५ किलोमीटर, कॅरिअरवर सामान बांधून. ज्या मुलाने सहापैकी चार रविवार आणि ही जोडी केली नाही त्याला घेता येणार नाही. पालकांनी यासाठी भीड घालू नये.

सामानात दोन जोड कपडे, पातळ स्वेटर, चादर, टॉवेल, टोपी, ताटली-वाटी-पेला, टॉर्च, पाण्याची एक लिटरची बाटली. चार-पाच किलोच्या वर वजन नको. पाठीवर दप्तर घेऊन सायकल चालवायची नाही, खांदे व कंबर धरते आणि तोल वर जातो. सामान कॅरिअरवर, रबरी पट्ट्याने घट्ट, कोणताही बंद खाली लोंबकळत नाही असे पाहून. जीन्स घालू नये. तिची मधली जाड शिवण दोन तासांत मांड्या सोलते. मऊ सुती किंवा खेळाची पँट घालावी. सलवार किंवा सैल पँटचा उजवा पाय चेनमध्ये अडकतो, त्याला रबर लावावे, ओढणी टेम्पोत ठेवावी. सामायिक सामान टेम्पोत असेल : हवेचा पंप, पान्हे, पंक्चरचे सामान, आणि दलात ज्या-ज्या मापाची चाके आहेत त्या प्रत्येक मापाच्या ट्यूब. प्रत्येक विद्यार्थ्याला पंक्चर काढता आले पाहिजे. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा शोधणे, घासणे, सोल्यूशन लावून ते सुकेपर्यंत थांबणे. शेवटची क्रिया मुलांना सर्वांत अवघड जाते.

मुलींच्या पालकांसाठी वेगळे लिहितो. मुलींच्या दोन गटांबरोबर शिक्षिका असतील आणि मुक्कामाची खोली वेगळी, आतून कडी लागणारी असेल. साधारण दर दोन तासांनी थांबा आहे, तो शौचालय असलेल्या शाळेतच किंवा पंचायतीच्या जागेतच ठेवला आहे. शौचालय नाही म्हणून मुली पाणी पीत नाहीत आणि मग उन्हात चक्कर येते, हे शिक्षिकांना चांगले माहीत आहे. मासिक पाळी आली तर त्याचे साहित्य शिक्षिकांकडे असेल. त्या दिवशी सायकल चालवायची की टेम्पोत बसायचे हे मुलीने स्वतः ठरवायचे. दोन्हींपैकी काहीही केले तरी कोणी कारण विचारणार नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात. सकाळी निघताना पोटभर नाही आणि उपाशीही नाही. केळी, शेंगदाण्याची चिक्की, उकडलेले बटाटे, भाकरी-चटणी वाटेत. लोचो, भजी, फाफडा मुक्कामाला पोहोचल्यावर. तहान लागण्याआधी दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-दोन घोट पाणी. खूप घाम आला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त पडले तर अपाय होतो, म्हणून हे शिक्षकांनीच करावे.

वाटेत पाहायचे काय, हे इतिहासाच्या शिक्षकांनी आधी वर्गात सांगावे, नाहीतर मुले फक्त फोटो काढतील. दांडीयात्रा १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघाली. एप्रिलच्या आरंभी ती सुरत, डिंडोली, वांझ, धामण, नवसारी अशी गेली आणि ५ एप्रिलला दांडीला पोहोचली. ६ तारखेला गांधीजींनी मीठ उचलले. डिंडोली! आज जेथे आपली कितीतरी खानदेशी कुटुंबे राहतात तेच डिंडोली. दांडीजवळ कराडी येथे मे महिन्याच्या सुरुवातीस गांधीजींना अटक झाली. पुढे डुंगरीजवळच्या धरासणाच्या मिठागरावर २१ मे १९३० रोजी सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी लाठ्या सोसल्या. दांडी सर्वांना माहीत असते, धरासणा विसरले जाते. आपण तिसऱ्या दिवशी त्याच्याजवळून जाणार आहोत.

नवसारी आणि बिलीमोरा ही बडोद्याच्या गायकवाडांच्या नवसारी प्रांतात होती. ज्या महाराजा सयाजीरावांनी १९०६ साली आपल्या संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले त्यांचा हा मुलूख. पारडीला वेदांचे अभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १९४८ साली औंधहून आले आणि १९६८ साली वयाच्या १०१ व्या वर्षापर्यंत तेथेच राहिले. सुरतेतील मराठी माणसांनाही हे फारसे माहीत नाही. उदवाड्याला पारशी बांधवांचा इराणशहा अग्नी १७४२ पासून आहे. अन्यधर्मीयांना आत प्रवेश नाही, तेव्हा बाहेरूनच शांतपणे पाहून पुढे जावे. संजाणला ते प्रथम उतरले, त्याच्या स्मरणार्थ १९२० साली उभारलेला स्तंभ आहे.

दमणबद्दल पालकांनी चिंता व्यक्त केली. डिसेंबर १९६१ पर्यंत ते पोर्तुगीजांकडे होते. मोटी दमणचा किल्ला पाहण्यासारखा आहे. गुजरातेत दारूबंदी आणि दमणला नाही, त्यामुळे शनिवार-रविवारी तेथे येणाऱ्यांची आणि परत जाणाऱ्या त्यांच्या वाहनांची स्थिती काय असते हे सांगायला नको. म्हणून दमणला आपला मुक्काम नाही. चौथा दिवस आठवड्याच्या मधला येईल अशी आखणी केली आहे आणि दुपारी बाराच्या आत आपण दमण सोडू.

उंबरगाव तालुका १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली तेव्हा त्याचा मोठा भाग गुजरातला आला. म्हणून संजाण सोडल्यावर मुलांनी डोळ्यांबरोबर कानही उघडे ठेवावेत. दुकानाची पाटी गुजराती, आतील बोलणे मराठी, किंवा एकाच वाक्यात दोन्ही. वर्गात गुजराती बोलल्याबद्दल आणि गल्लीत मराठी बोलल्याबद्दल ज्या मुलांना संकोच वाटतो त्यांनी उंबरगावच्या बाजारात अर्धा तास उभे राहावे.

पाचव्या दिवशी बोर्डी. येथे १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अंगणात, झाडाखाली, आदिवासी मुलांपर्यंत शाळा नेणे हे काम त्यांनी केले. ताराबाईंनी त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केले होते, म्हणजे आपल्या दोन भाषांमधला पूल त्यांनी आमच्या कितीतरी आधी ओलांडला होता. शिक्षकांसाठी ही सहल येथेच सार्थकी लागेल. मुलांसाठी घोलवडचे चिकू आहेत, ज्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अमलसाडचे चिकू दुसऱ्या दिवशी खाल्लेले असतील, तेव्हा कोणते गोड याचा वाद रेल्वेत करावा.

परत आल्यावर एक काम राहते आणि ते त्याच दिवशी करायचे आहे. डहाणूला सायकली टेम्पोत चढवण्याआधी आणि सुरतेत उतरवल्यावर, दोन्ही वेळा ओल्या फडक्याने पुसायच्या. खारी हवा पाच दिवस लागलेली असते, एका आठवड्यात गंज धरतो. चेन रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन, सुकवून, तिला तेल द्यायचे. ज्यांनी सायकल मागून आणली असेल त्यांनी ती धुतलेली, दोन्ही चाकांत हवा भरलेली अशी, स्वतः मालकाच्या दारी नेऊन द्यायची. सायकल देऊ इच्छिणाऱ्यांनी व नाव नोंदवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांनी मधल्या सुट्टीत कार्यालयात भेटावे.